एक टनी लष्करी ट्रेलरचे फाळके: कामाच्या नोंदी

३ डिसेंबर २०२३

ट्रेलर काल रात्री साडेनऊला दारात आला. निपाणीकडच्या एका भंगारवाल्याकडून घेतला आणि टेम्पोवर चढवून फोंडा घाटातून खाली देवगडला आणला. दोनचाकी, एक टनी, सैन्यात ज्याला जीएस म्हणतात तसला, म्हणजे सर्वसाधारण मालवाहतुकीचा. ओढायची रिंग जाडजूड, अजून गोल. पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एका बाजूचं मधलं पान तुटलेलं. चेसिसवर हातोडी मारत गेलो. सगळीकडे खणखणीत, फक्त मागच्या आडव्या पट्टीत बद्द आवाज आला.

हौदा खाली दीड फुटापर्यंत पत्र्याचा, त्याच्यावर लाकडी फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्यांच्या चौकटी. हे फाळके खुंट्यांवर ठोकलेले असतात, खुंटे हौद्याच्या कडेच्या लोखंडी खोबणीत उतरवायचे आणि नको तेव्हा अख्खा फाळका वर उचलून काढायचा. आता त्यांतले दोन शिल्लक, तेही हाताने भुगा होणारे. बाकीच्या दोन बाजूंना कुणीतरी दुकानाच्या पाटीचा पत्रा तारेने बांधला होता.

बाबांना खुर्ची आणून दिली. ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, बरीच वर्षं जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक चालवला. ते ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले, काठीचं टोक एका खोबणीत खुपसलं आणि म्हणाले, "झिला, खोबणीतलो चिखल काड आदी. लाकडाचा मगे बगया."

मी हो म्हटलं आणि चाकांकडे वळलो.

५ डिसेंबर

जुने फाळके उतरवले. उतरवले म्हणजे कापले, कारण बोल्ट आणि नट एकजीव झालेत. फळी चीड पाइनची. एका तुकड्याला रंधा मारला तर राळेचा वास आला, इतक्या वर्षांनीसुद्धा. रंगाचे पापुद्रे मोजले: वरून निळा, मग कसलासा तपकिरी, त्याखाली ऑलिव्ह हिरव्याचे तीन थर, शेवटी फिकट अस्तर. एका फळीवर हिरव्याच्या वरच्या थरात पांढरा बाण आणि दोन आकडे अर्धवट दिसतात. ती फळी धुऊन माळ्यावर ठेवली.

मापं घेतली. हौदा आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद. पत्र्यावर फाळक्यांची उंची २१ इंच: पाच इंची तीन फळ्या आणि त्यांच्या फटी. खुंटे लांब बाजूला चार-चार, पुढेमागे दोन-दोन, एकूण बारा, प्रत्येक अडीच फुटांचा.

एक गोष्ट लिहून ठेवतो, तिचं पुढे काय होईल ते पाहू. फळ्या वरून बऱ्या आहेत. खुंटेही मधे बरे आहेत. सगळे खुंटे कुजलेत ते खालच्या चार इंचांत, खोबणीच्या आत.

१७ डिसेंबर

रविवार हिशोबात गेला. फळ्या धरून ७८ फूट, पाच इंच रुंद, एक इंच जाड: पावणेतीन घनफूट. खुंटे तीन बाय दोनचे: सव्वा घनफूट. म्हणजे चार घनफूट लाकूड, कापणीची तूट धरून पाच आणावं लागेल.

वजन काढायचं कारण असं की हे फाळके वर्षातून कितीतरी वेळा हाताने उचलायचे आहेत. सागाचे केले तर अंदाजे ७४ किलो, ऐनाचे ९६, शिवणीचे ५४. लाकूड सोडून पत्रा लावला तर फटी नाहीत, सलग साडेपंचेचाळीस चौरस फूट येतात: ३ मिलिमीटर पोलादी पत्रा शंभर किलो, २ मिलिमीटर ६६, आणि त्यात खुंट्यांचे अँगल धरलेले नाहीत. ३ मिलिमीटर अॅल्युमिनियम ३४. अठरा मिलिमीटरचा प्लाय ५० च्या आसपास.

पत्र्याच्या बाजूने खूप लोक बोलतात. वर्कशॉपवाला म्हणाला, दोन दिवसांत करून देतो, आयुष्यभराची काळजी मिटली. मी खूप विचार केला, कारण सैन्यानेही दोन्ही वापरून पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीएमसी ट्रकचा हौदा सुरुवातीला पोलादी होता, पोलाद रणगाड्यांना आणि जहाजांना कमी पडायला लागलं तेव्हा १९४२ च्या सुमारास तो लाकडी झाला, आणि युद्धाच्या शेवटी लाकूड-पोलाद मिळून बनू लागला. जीपमागचा पाव टनी ट्रेलर मात्र सगळा पत्र्याचा ठेवला, कारण तो नदीत तरंगायला हवा होता. पण बाहेरचं पाणी आत येऊ न देणाऱ्या डब्यात पावसाचं पाणी आतच राहतं, म्हणून त्याच्या तळाला बुचं ठेवलेली असत.

माझा ट्रेलर तरंगायचा नाही. त्यात हापूसच्या क्रेट जायच्या आहेत, युरियाच्या गोण्या, शेणखत, पेंढा, चिरे. युरिया आणि शेणखत पत्र्याला काय करतात ते आमच्या जुन्या ट्रॉलीच्या तळातून जमीन दिसते त्यावरून कळतं.

६ जानेवारी २०२४

वखारीत गेलो. सोबत सुतार तात्या. वय सत्तरीच्या पुढे, आमच्या घराचा माळा त्यांच्या वडिलांनी घातलेला.

साग होता, पण कोवळा. फळीच्या एका कडेला दोन बोटं पांढरा भाग, म्हणजे झाडाचा बाहेरचा रसाचा भाग, गाभा नव्हे. तात्यांनी नखाने खरवडून दाखवलं. "ह्येचो पांढरो भाग चार पावसाळे बगूचो नाय. लोकांका वाटता सागाचा काय पण चालता." सागाची कीर्ती खरी आहे. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागात तेल असतं, आत शिरलेल्या लोखंडी खिळ्याला तो ओकसारखा खात नाही, आणि वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण हे सगळं गाभ्याचं. वखारीतला भाव मात्र पांढऱ्यासकट पूर्ण फळीचा.

ऐन भरपूर. काळपट, जड, दगडासारखा. तात्या म्हणतात घराच्या खांबांना यासारखं दुसरं नाही, पण फळी काढली की उन्हात चिरते, आणि रंध्याच्या पात्याला रोज धार लावावी लागते. किंजळ ऐनापेक्षा हलका, आमच्याकडच्या निम्म्या घरांचे वासे किंजळीचे. फणस पिवळाजर्द सुंदर, पण त्याच्या एवढ्या लांब सरळ फळ्या मिळाल्या नाहीत. आंब्याच्या फळीकडे तात्यांनी पाहिलंही नाही, तिच्यात भिरुडाची भोकं आधीच होती.

शिवण एका कोपऱ्यात होती. फिकट, जवळजवळ पांढरी, हातात घेतली तर वाटलं पोकळ आहे. तात्यांनी ती डोळ्यासमोर धरून कडेने पाहिली, फळी तारेसारखी सरळ. वर्षभर तशीच उघड्यावर पडलेली असूनही वाकलेली नव्हती. हेच तिचं वैशिष्ट्य: भिजली-सुकली तरी अंग फारसं हलवत नाही. म्हणून ढोलकी-मृदंगाच्या खोडालाही ती चालते.

तोडीचं लाकूड स्वतःच्या जागेतून काढायचं तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ प्रमाणे परवानगी लागते. साग, ऐन, किंजळ सगळे त्या यादीत आहेत, आणि नेताना वाहतुकीचा पास हवाच. आमच्या बागेच्या कडेला दोन ऐन उभे आहेत. ते उभेच बरे. वखारीची पावती आणि पास घेऊन एक-एक फळी नमुन्यासाठी आणली.

११ फेब्रुवारी

हंगाम तोंडावर आला. नमुने जमवायचं काम मात्र चालू.

मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, एका बोट दुरुस्तीवाल्याकडून कापलेला तुकडा मिळाला. दुसरा साधा, सर्वसाधारण वापराचा, आयएस ३०३ चा. जाड प्लास्टिकचा, एचडीपीई शीट, मच्छीवाले मासे कापायच्या टेबलाला वापरतात तो. अॅल्युमिनियम ५०८३, हाही बोटीचाच.

प्लास्टिकचा मोह सगळ्यात मोठा होता. कुजत नाही, गंजत नाही, रंग नको. पण आठ फुटांचा तुकडा सकाळी आणि दुपारी मोजून पाहिला. सावलीतून काढून उन्हात तापल्यावर नऊ मिलिमीटर वाढला. एवढी हालचाल बोल्टच्या भोकात धरायची तर भोकं लांबट करावी लागतील, आणि मग क्रेटच्या धक्क्याला तो वाजत राहील. शिवाय चार खुंट्यांच्या मधे तो दुपारी पोटासारखा बाहेर येतो. टेबलावर सपाट पडलेला असतो तिथे हे कळत नाही.

हंगामापुरते साध्या शटरिंग प्लायचे फाळके ठोकून घेतले. कापून, भोकं पाडून, जुन्या खोबणीत अँगलचे तुकडे घालून उभे केले. तात्पुरतं काम.

१० एप्रिल

पाडवा काल झाला, नोंद लिहायला आज फुरसत मिळाली. रोज पहाटे बागेत ट्रॅक्टरमागे ट्रेलर जातो, साडेदहापर्यंत भरून परत. चालायला फार शांत. पाटे बदलल्यापासून क्रेट उडत नाहीत, आणि बाजारात आंब्याला डाग नसणं हीच किंमत.

प्लायचे सलग फाळके इथे चुकीचे ठरले. हवा फिरत नाही. साडेअकरानंतर फळीला हात लावून पाहिला तर फळीलगतच्या क्रेटमधला आंबा आतल्या क्रेटपेक्षा स्पष्ट गरम होता. झाडावरून उतरलेल्या हापूसला असा ताव देणं म्हणजे वर्षाची मेहनत शिजवणं. प्लायची ही गत, तर पत्र्याचं काय झालं असतं! इथेच पत्रा माझ्या मनातून गेला, गंजाच्या कितीतरी आधी.

फटी हव्यातच. सैन्याच्या जुन्या फाळक्यांना फटी होत्या त्या वजन आणि लाकूड वाचवायला असतील, मला त्या वाऱ्यासाठी हव्या आहेत.

२ जून

आंबा संपला. पाऊस येईपर्यंत चार दिवस हातात आहेत, म्हणून परीक्षा मांडली.

प्रत्येक सामानाचे बारा इंच लांब, पाच इंच रुंद तुकडे केले: साग (मुद्दाम एका कडेला पांढरा ठेवून), ऐन, किंजळ, शिवण, दोन्ही प्लाय, प्लास्टिक, अॅल्युमिनियम. आंब्याचा एक, तुलनेला. सगळ्यांना एक साधा लोखंडी बोल्ट आणि एक स्टेनलेसचा. कुणालाही रंग नाही, तेल नाही. एक संच विहिरीजवळ बांबूला टांगला, तिथे समुद्राचा वारा थेट लागतो.

टांगून झाल्यावर बाबांचं डिसेंबरमधलं बोलणं आठवलं. सहा महिने ते तसंच राहिलं होतं. ट्रेलरची एक खोबण स्क्रू ड्रायव्हरने कोरली. वरून दोन इंच माती, त्याखाली गंजाचे पापुद्रे, त्याखाली काळा ओला गाळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात, सात महिने कोरड्या गेलेल्या हवेत, तो गाळ ओला होता. खाली छोटं छिद्र असावं अशी जागा दिसते, ती कधीच बुजलेली.

म्हणून दुसरा संच केला. दूध पावडरचे डबे गोळा केले. प्रत्येक लाकडाचे दोन तुकडे दोन डब्यांत उभे केले, तळाशी दोन इंच माती. एका डब्याच्या तळाला करंगळीएवढं भोक, आणि तुकड्याखाली प्लास्टिकची चकती ठेवून तो मातीपासून वर उचललेला. दुसरा डबा बंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळ्यांची कोरडी वजनं घेतली.

१९ जून

मान्सून सहा तारखेलाच कोकणात आला. गेला आठवडाभर धोधो. डबे जागेवर आहेत. बाकी भाताचं काम.

२० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या. किनाऱ्यावरून परत येताना डबे पाहिले, पण उचलून काढले नाहीत. साध्या प्लायच्या कडा फुलून पुस्तकासारख्या उघडल्यात, तो वरूनच दिसतो. अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लोखंडी बोल्टभोवती पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला जास्त क्रियाशील असेल तो झिजतो, आणि इथे तो म्हणजे ज्याचे पैसे जास्त तोच.

२९ सप्टेंबर

गणपती झाले, पाऊसही परतीच्या वाटेला. आज सगळं खळ्यात मांडलं. तात्या आले, बाबा आलेच होते.

टांगलेल्या संचाचं सांगण्यासारखं कमी आहे. आंब्याचा तुकडा काळा पडून एका कडेने मऊ. ऐन शाबूत, पण लोखंडी बोल्टभोवती शाईसारखा निळा-काळा डाग इंचभर पसरलेला, बोल्टही त्याच भागात जास्त खाल्लेला. ऐनात टॅनिन भरपूर, लोखंड आणि पाणी भेटलं की त्याची शाई होते आणि लाकूडही तिथे हळूहळू जळतं. स्टेनलेसच्या बोल्टभोवती डाग नाही. सागाला डाग पुसट. शिवणीला हिरवट बुरशी, पुसली तर आत पांढरी फळी होती तशी. मरीन प्लायचे थर एकसंध, पण कापलेली कड पाणी पिऊन फुगलेली. कड सील केली असती तर तगला असता असं माझं मत. फाळक्याला मात्र कड रोज घासते, तिथे सील किती दिवस राहणार.

डबे. इथे आम्ही तिघंही गप्प झालो.

बंद डब्यातली शिवण: कोरडी ४७० ग्रॅम होती, आता ६९०. खिळ्याचं टोक अंगठ्याने दाबलं तर खालच्या तीन इंचांत सरळ आत गेलं. भोक असलेल्या डब्यातली तीच शिवण, एकाच फळीतून कापलेली: ५४५ ग्रॅम, खिळा जाईना. किंजळीचंही तेच. साग बंद डब्यात ६४० वरून ७२०, गाभा ठणठणीत, पण पांढरा भाग नखाने निघाला. भोकाच्या डब्यात सागाचा पांढराही टिकला होता. म्हणजे बंद डब्यातल्या सागाच्या पांढऱ्यापेक्षा निचरा होणाऱ्या डब्यातली शिवण चांगली राहिली होती, आणि वखारीत त्या दोघांच्या भावात दुपटीहून जास्त अंतर आहे.

मी नऊ महिने लाकडं तोलत होतो. बाबांनी पहिल्या दिवशी काठीचं टोक नेमकं जिथे घातलं होतं तिथे हा सगळा प्रश्न होता.

त्यांना विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक. ते म्हणाले, दर आठवड्याला मेंटेनन्स परेड असे. फाळके उतरवायचे, सळईने खोबणीतला चिखल काढायचा, छिद्रातून पाणी ओतून ते खालून पडतं का ते हवालदाराला दाखवायचं, मगच फाळके परत. "लाकूड भिजला तर भिजांदे," ते म्हणाले, "पण तेका सुकूक गावाक व्हया." म्हणजे त्याला सुकायला मिळालं पाहिजे. लिलावात विकला गेल्यावर ट्रेलरला मालक मिळाले, पण ती परेड सुटली, आणि तिथून खुंटे कुजायला लागले.

२० ऑक्टोबर

ठरलं. एकच लाकूड सगळीकडे लावायचं नाही.

खुंटे सागाच्या गाभ्याचे. लोखंडाच्या पोटात बसणारं लाकूड तेवढंच महाग घ्यायचं. आमच्या चुलत घराचा जुना माळा मोडला तेव्हाचे सागाचे वासे मांगरात, म्हणजे सामान-पेंढा ठेवायच्या खोपटात होते, ते काका म्हणाले घेऊन जा. साठ-सत्तर वर्षं सुकलेले. त्यातले खिळे काढायला दोन संध्याकाळ गेल्या, एकेक चौकोनी घडीव खिळा. चुंबक फिरवून खात्री केली, नाहीतर सॉ मिलवाला पातं लावत नाही.

सगळ्यात खालची फळी ऐनाची, कारण चिरे आणि क्रेटची कड तिथेच आदळते. तिच्या वरच्या दोन शिवणीच्या. वजन ७० किलोच्या घरात राहतं, आणि लांब फाळका दोन माणसं सहज उचलतील.

तात्यांना आधी ऐन आणि शिवण शेजारी आवडलं नाही. एक काळी, दोन पांढऱ्या, दिसायला विचित्र. मी म्हटलं तेल लागल्यावर बघू. ते म्हणाले, "बगूया." मग स्वतःच म्हणाले की होडीत तरी एकच लाकूड कुठे असतं, नाळ वेगळी, फळी वेगळी.

१७ नोव्हेंबर

पंधरा दिवस सुतारकाम. आधी खोबणी. बाराही साफ केल्या, तळाचं छिद्र बारा मिलिमीटरचं करून आरपार मोकळं केलं, आत तारेच्या ब्रशने घासून प्राइमर आणि रंग दिला. एक खोबण इतकी खाल्लेली होती की कापून नवी वेल्ड केली.

मग खुंट्यांचं टोक. पूर्वी खुंटा थेट तळावर टेकत असे. तात्यांनी त्याला खांदा काढला: खोबणीच्या तोंडावर खुंटा रुंद होतो आणि तिथेच बसतो, त्याचं टोक तळापासून पाऊण इंच वर लटकतं. टोक चारही बाजूंनी थोडं निमुळतं, म्हणजे आत हवा जाते. आडव्या रेषांचं तोंड, जिथून लाकूड पेंढ्यासारखं पाणी ओढतं, ते गरम जवसाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी भांड्यातलं तेल बोटभर उतरलं होतं.

फळ्यांच्या वरच्या कडा बाहेरच्या अंगाला उताराच्या केल्या, पाणी थांबू नये म्हणून. फळी आणि खुंटा जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाणी धरून राहतं, म्हणून मधे रबराची पातळ चकती घातली. प्रत्येक सांध्यावर दोन बोल्ट, त्यातलं एक भोक गोल आणि दुसरं उभं लांबट, फळी पावसाळ्यात रुंद झाली तर तिला सरकायला जागा हवी. जुने बोल्ट तीन अष्टमांश इंची होते. नवे १० मिलिमीटरचे स्टेनलेस ३०४ घेतले, पट्ट्यांची भोकं थोडी वाढवून. बोल्टचं गोल डोकं आतून आणि नट बाहेरून, क्रेट सरकवताना काही अडकू नये. ३१६ या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसचा गुण मला माहीत आहे, त्यात मॉलिब्डेनम असल्याने खारं सोसतो, पण फाळके पावसाळ्यात पडवीत जाणार असल्याने ३०४ वर ग्रीस लावून भागवलं.

१ डिसेंबर

रंगाचा प्रश्न शेवटपर्यंत ठेवला होता, कारण उत्तर आवडणारं नव्हतं.

मला बाबांचा ऑलिव्ह हिरवा हवा होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा, दुसऱ्या कुणी आपल्या मोटार वाहनाला तो द्यायचा नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. त्यामागचं कारण मला पटतं. रस्त्यावर त्या रंगाच्या गाडीला लोक वाट देतात, तो मान तिच्यावरच्या माणसाचा असतो. बाबांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "बरोबर आसा."

लोखंडाला करडा रंग. लाकडाला रंग नाही, जवसाचं उकळलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तीन हात. रंग फुटला की चिरेतून पाणी आत जातं आणि सालीखाली अडकतं. तेल सुकतं, झिजतं, पुन्हा चोपडता येतं. इथले होडीवाले काजूच्या टरफलाचं तेल वापरतात, लाकूड राखायला ते याहून जबर, पण ते कातडी भाजतं आणि मला त्यावर आंब्याच्या क्रेट ठेवायच्या आहेत. तेलाचे बोळे पाण्याच्या बादलीत टाकले. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेते, हे मांगरात पेंढा असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

तेल लागल्यावर ऐन काळाभोर तपकिरी झाला आणि शिवण मधासारखी. तात्या लांब उभे राहून बराच वेळ पाहत होते.

१५ डिसेंबर

पहिली खेप. बागेच्या वरच्या बाजूचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळला होता, त्यासाठी पंचवीस चिरे. भरताना दोन चिरे ऐनाच्या फळीवर आपटले, दोन खळगे पडले, फळी फाटली नाही. येताना पेंढा आणला, फाळक्यांच्या वर तीन फूट.

फाळके बोल्टांसकट काट्यावर ७१ किलो भरले. मागच्या फाळक्याची खुंटी एका खोबणीत घट्ट जाते, ती पटाशीने अर्धी रेष उतरवायची आहे. पुढच्या डाव्या सांध्यातला रबर सरकलाय.

माळ्यावरची पांढऱ्या बाणाची फळी खाली आणली आणि हौद्याच्या आत, पुढच्या फाळक्याला आतून, दोन बोल्टांनी लावली. बाहेरून दिसत नाही. संध्याकाळी ट्रेलर मांगराजवळ उभा केल्यावर बाबा तांब्या घेऊन आले. एकेका खोबणीत पाणी ओतत गेले आणि वाकून खाली पाहत गेले. बाराही खोबणींतून पाणी पडलं. मग तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पुढच्या रविवारी तू.